कैफियतीचा रकाना आणि प्रोग्राममधील टिप्पणी : पांढुर्णा-सौंसरच्या महसुली दप्तरातून

कोणत्याही दप्तरात दोन प्रकारचा मजकूर असतो. एका मजकुरावर प्रत्यक्ष व्यवहार चालतो, म्हणजे त्याच्या आधारे सारा वसूल होतो, मालकी ठरते किंवा यंत्र काम करते. दुसरा मजकूर हा पहिला मजकूर तसा का आहे, तो कोणत्या अधिकाराने लिहिला गेला आणि वाचणाऱ्याने तो कसा समजून घ्यावा, हे सांगतो. संगणकाच्या प्रोग्राममध्ये हा भेद अगदी काटेकोर असतो. प्रोग्रामरने लिहिलेल्या आज्ञांचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारी कंपायलर नावाची प्रणाली आज्ञा तेवढ्या उचलते आणि माणसांसाठी लिहिलेली टिप्पणी, जिला या व्यवसायात कमेंट म्हणतात, ती पूर्णपणे वगळते. टिप्पणी खोटी ठरली तरी यंत्र तक्रार करत नाही. म्हणूनच ती आज्ञेच्या शेजारी लिहावी, फाइलच्या माथ्यावर लिहावी की वेगळ्या पुस्तिकेत ठेवावी, हा प्रश्न उच्चस्तरीय प्रोग्रामिंग भाषा जन्माला आल्यापासून चर्चेत आहे. मध्य प्रदेशाच्या दक्षिण सीमेवरील पांढुर्णा आणि सौंसर या मराठीभाषक तहसिलींच्या महसुली दप्तरापुढे जवळजवळ हाच प्रश्न एकोणिसाव्या शतकात उभा राहिला होता. तेथे त्याला जी उत्तरे मिळाली आणि ती ज्या रीतीने टिकली किंवा निकामी झाली, त्यांचा इतिहास प्रोग्रामच्या दस्तऐवजीकरणाकडे पाहण्याची एक चांगली दृष्टी देतो.

हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. तिसरे रघूजी डिसेंबर 1853 मध्ये निपुत्रिक वारल्यानंतर कंपनी सरकारने राज्य खालसा केले आणि 1861 मध्ये मध्य प्रांताची स्थापना झाल्यावर छिंदवाडा हा त्याचा एक जिल्हा बनला. जिल्ह्याचा उत्तर भाग सातपुड्याच्या पठारावर व गोंड जहागिरींत विभागलेला होता, तर घाटाखालचा सौंसरचा भाग, ज्यात त्या काळी पांढुर्णाही मोडत असे, भूरचना, पिके आणि भाषा या तिन्ही बाबतींत नागपूरकडील काटोल-नरखेडच्या बाजूला जुळणारा होता. ब्रिटिशांनी या प्रांतात मालगुजारी पद्धत रूढ केली. म्हणजे सरकार सारा थेट शेतकऱ्याकडून न घेता गावाच्या मालगुजाराकडून घेत असे आणि त्या बदल्यात त्याची गावावरील मालकी मान्य करत असे. या पद्धतीत सरकार, मालगुजार आणि कूळ असे तीन पक्ष एकाच जमिनीवर निरनिराळे हक्क सांगत असल्यामुळे कोणता हक्क कोठे आणि किती तपशिलाने लिहून ठेवायचा, याला साऱ्याच्या आकड्याइतकेच महत्त्व आले.

बंदोबस्त, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी साऱ्याची आकारणी ठरवण्याची मोठी मोहीम, पार पडली की प्रत्येक गावासाठी कागदांचा एक संच तयार होत असे. त्यात गावाचा नकाशा असे. नकाशातील प्रत्येक तुकड्याला दिलेल्या क्रमांकानुसार क्षेत्र, धारक, मातीची प्रत आणि पीक नोंदवणारा खसरा असे. तीच माहिती खातेदारनिहाय मांडणारी जमाबंदी असे. आणि या सर्वांपासून वेगळा असा वाजिब-उल-अर्ज नावाचा कागद असे. 1880 च्या दशकात फुलर या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली जमिनीच्या प्रतींना तुलनात्मक मूल्य देऊन आकारणी करण्याची पद्धत प्रांतात आली, तेव्हा काळी, मोरंड, खरडी, बरडी असे मातीचे वर्ग खसऱ्यात नुसत्या एका शब्दाने लिहिले जाऊ लागले. त्या शब्दामागचे निकष, त्याला दिलेली मूल्ये आणि ती देण्यामागचा विचार मात्र बंदोबस्त अहवालात, म्हणजे गावापासून दूर, जिल्हा कचेरीत राहिला. पटवाऱ्याच्या हाती संज्ञा होती, स्पष्टीकरण नव्हते. आजच्या प्रोग्राममध्ये एखाद्या चलाला त्रोटक नाव देऊन त्याचा अर्थ वेगळ्या पुस्तिकेत ठेवला की जी स्थिती निर्माण होते, तीच येथे होती.

खसऱ्याच्या शेवटच्या रकान्याला कैफियत म्हणतात. बाकीच्या रकान्यांत काय भरायचे हे नियमाने ठरलेले असते; जे त्यांत मावत नाही पण त्या तुकड्याविषयी सांगणे आवश्यक असते, ते या रकान्यात लिहिले जाते. सौंसरकडील एखाद्या ओलिताच्या शेताची ओळ नमुन्यादाखल डोळ्यांसमोर आणली, तर तिच्यात क्रमांक, हेक्टरमधील क्षेत्र, भूमिस्वामीचे नाव, खरिपात कापूस व तूर, बागाईत संत्रा एवढे ठरावीक रकान्यांत असते. आणि कैफियतीत विहीर एक, संत्र्याची झाडे इतकी, जमीन बँकेकडे बंधक, अमुक प्रकरण क्रमांक अ-6 अन्वये नामांतरण, आदेशाचा दिनांक, अशा नोंदी एकाखाली एक आलेल्या असतात. अ-6 ही मध्य प्रदेशच्या महसूल न्यायालयांतील नामांतरणाच्या प्रकरणांची खूण आहे, जशी सीमांकनाची अ-12 आणि वाटणीची अ-27. शेताची खरेदी करणारा किंवा कर्ज देणारा जाणकार माणूस मालकाच्या नावाइतक्याच बारकाईने हा रकाना वाचतो, कारण नाव बरोबर असूनही व्यवहार अडवणारी गोष्ट बहुधा येथेच सापडते.

कागदी खसऱ्याच्या काळात या मांडणीचे बळ तिच्या जागेत होते. पटवारी गिरदावरीसाठी, म्हणजे पिकांच्या पाहणीसाठी, शिवारात फिरे तेव्हा खसरा त्याच्या हाती असे. विहीर बुजलेली दिसली किंवा धुऱ्यावर अतिक्रमण झालेले दिसले तर ज्या ओळीत पीक लिहायचे त्याच ओळीच्या टोकाला तो ते लिहू शके. मूळ नोंद आणि तिची टीप एकाच हाताखाली, एकाच वेळी बदलत. परंतु या मांडणीत एक दोषही होता. खसरा पाचसाला असे, म्हणजे पाच वर्षांच्या नोंदींसाठी एक पुस्तक बांधले जाई आणि मुदत संपली की नवे पुस्तक लिहावे लागे. त्या वेळी जुन्या कैफियती एकेक उतरवून घ्याव्या लागत, आणि उतरवताना दोन विरुद्ध प्रकारच्या चुका होऊ शकत : जिवंत टीप गळून पडे, किंवा कर्ज फिटून गेलेल्या जमिनीवरचा बंधकाचा शेरा नव्या पुस्तकातही तसाच चढे. जवळ असणे ही टीप खरी राहण्याची पहिली अट आहे, पण पुरेशी अट नाही.

वाजिब-उल-अर्जाची गोष्ट याच्या नेमकी उलट होती. गावातील पाणी कोणी कोणत्या पाळीने घ्यायचे, कोणत्या शेतातून कोणाच्या बैलगाडीला वाट आहे, चराई व सरपण यांचा निस्तार, म्हणजे सामायिक वापर, कसा चालतो, तळ्यातील मासळीवर कोणाचा हक्क आहे, या चालीरीती त्यात लिहिलेल्या असत. विषय खसऱ्यातील तुकड्यांशीच संबंधित होता. पण वाटेचा हक्क ज्या शेतावर बसत असे त्या शेताच्या ओळीत त्याचा मागमूस असेलच असे नव्हते. बंदोबस्ताच्या वेळी पंचांसमक्ष हा कागद नीट तयार होई आणि मग पुढच्या बंदोबस्तापर्यंत, म्हणजे वीस-तीस वर्षे, त्याला क्वचितच हात लागे. दरम्यान शेते विकली जात, विहिरी खोदल्या जात, वाटा नांगरल्या जात. रोज हाताळला जाणारा खसरा पुढे सरकत राहिला आणि वर्णन करणारा कागद बंदोबस्ताच्या वर्षातच थांबला. 31 मार्च 1951 रोजी मालगुजारी संपुष्टात येऊन हक्क शासनाकडे गेले, तेव्हा ज्या तीन पक्षांचे संबंध तो कागद सांगत होता त्यांतील एक पक्षच नाहीसा झाला. 1959 च्या मध्य प्रदेश भू-राजस्व संहितेने कलम 234 मध्ये निस्तार पत्रकाची आणि कलम 242 मध्ये वाजिब-उल-अर्जाची नव्याने तरतूद केली; उपविभागीय अधिकाऱ्याला त्यात दुरुस्ती करण्याचा अधिकारही दिला. मात्र दुरुस्तीचा अधिकार असणे आणि रोजच्या कामाच्या ओघात दुरुस्ती होणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

याच भागातील एक फार जुनी वाङ्मयीन परंपराही येथे आठवावी लागते. सीमेपलीकडे, विदर्भातील मोर्शी तालुक्यातले रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे श्रेष्ठ स्थान आहे. तेथे तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा संकलित केल्या आणि केसोबासांनी चक्रधरांची वचने निवडून सूत्रपाठ सिद्ध केला. पाठांतराला व शास्त्रनिर्णयाला सूत्रे सुटी असणे सोयीचे होते. पण लीळेतून सुटे झालेले वचन कोणाला, कोणत्या प्रसंगी उद्देशून होते हे कळेनासे झाल्यावर प्रत्येक सूत्राचा प्रसंग सांगणारा ‘प्रकरणवश’ हा स्वतंत्र ग्रंथप्रकार लागला. मूळ आणि संदर्भ वेगळे केले की त्यांना पुन्हा जोडण्याचे काम कोणाला तरी करावेच लागते, याचे हे महसुली दप्तरापेक्षा सहा शतके जुने उदाहरण आहे.

तिसरी मांडणी सीमेच्या दक्षिणेकडे अधिक ठळकपणे दिसते. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला, त्यामुळे एकेकाळी एकाच प्रांताचे दप्तर वापरणाऱ्या काटोल-नरखेड आणि पांढुर्णा-सौंसर यांच्या कागदांचे मार्ग वेगळे झाले. मुंबई इलाख्यात 1903 च्या कायद्यापासून हक्कनोंदीची पद्धत होती. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 15 ऑगस्ट 1967 रोजी अमलात आल्यावर सातबारा विदर्भातही आला. जुन्या नमुन्यातील सातबाऱ्यावर धारकाचे नाव बदले तेव्हा जुने नाव खोडून नाहीसे केले जात नसे, त्याला कंस केला जाई. नव्या नावाशेजारी वर्तुळात एक क्रमांक लिहिला जाई. तो गाव नमुना 6 मधील, म्हणजे फेरफार नोंदवहीतील नोंदीचा क्रमांक असे. बदल का झाला, खरेदीखताने की वारसाने, कोणी वर्दी दिली, हरकत आली का, मंडळ अधिकाऱ्याने तो केव्हा प्रमाणित केला, हे सर्व त्या नोंदवहीत सविस्तर असे. उतारा सुटसुटीत राही, स्पष्टीकरण वेगळे राही, आणि वर्तुळातील आकडा त्यांना बांधून ठेवी. मध्य प्रदेशातही नामांतरण पंजी होती आणि तिचा संदर्भ कैफियतीत येत असे. फरक एवढाच की सातबाऱ्यात संदर्भाचा क्रमांक ज्या नावाविषयी आहे त्याच्या अगदी अंगाशी बसे, तर खसऱ्यात तो इतर शेऱ्यांच्या गर्दीत ओळीच्या टोकाला जाई.

प्रोग्रामिंगच्या इतिहासात या तिन्ही मांडण्या याच क्रमाने आलेल्या नाहीत, पण तिन्ही आलेल्या आहेत. एडा लव्हलेस यांनी 1843 मध्ये बॅबेजच्या यंत्रावरील मेनाब्रियांच्या लेखाचे भाषांतर केले आणि त्याला ए ते जी अशा खुणांच्या टिपा जोडल्या. त्या मूळ लेखाच्या सुमारे तिप्पट भरल्या. शेवटच्या टिपेतील बर्नूली संख्या काढण्याच्या तक्त्यात यंत्राने करायच्या क्रियांच्या रकान्यांबरोबरच त्या क्रियेचा अर्थ सांगणारा रकानाही होता. 1957 मध्ये बॅकस यांच्या चमूने आयबीएम 704 साठी फोरट्रान भाषा दिली, तेव्हा प्रोग्राम छिद्रपत्रांवर उतरवला जात असे. पत्राच्या ऐंशी रकान्यांपैकी पहिल्यात सी हे अक्षर असले की ते पूर्ण पत्र टिप्पणीचे समजले जाई. आज्ञा सातव्यापासून बहात्तराव्या रकान्यापर्यंत येई आणि त्यापुढचे आठ रकाने यंत्र वाचत नसल्याने पत्रांचे क्रमांक टाकण्यास उपयोगी पडत. टिप्पणीचे पत्र आज्ञांच्या पत्रांमध्येच गड्डीत बसे आणि गड्डीबरोबरच प्रवास करी. कोबोलमध्ये प्रोग्रामच्या आरंभीच ओळख सांगणारा विभाग ठेवला गेला, ज्यात लेखकाचे नाव आणि शेरे लिहिण्याची सोय होती. अल्गोल 60 मध्ये कमेंट या शब्दापासून पुढच्या अर्धविरामापर्यंतचा मजकूर टिप्पणी ठरे, त्यामुळे अर्धविराम विसरला की पुढची खरी आज्ञाही टिप्पणीत गडप होत असे. ओळीच्या शेवटी दोन तिरप्या रेघा मारून उरलेली ओळ टिप्पणीसाठी मोकळी करण्याची बीसीपीएलमधील रीत पुढे सी प्लस प्लसने उचलली, आणि ती खसऱ्याच्या शेवटच्या रकान्याच्या सर्वांत जवळची आहे.

या रकान्यात काय लिहावे आणि काय लिहू नये, हे एका उदाहरणाने स्पष्ट होते. जुन्या खसऱ्यांतील क्षेत्र एकरात होते आणि नव्या नोंदी हेक्टरमध्ये आहेत. म्हणून अशा नोंदी संगणकात घेणाऱ्या प्रोग्राममध्ये क्षेत्राला 0.4047 ने गुणणारी एक ओळ असणार. तिच्याशेजारी ‘क्षेत्राला 0.4047 ने गुणा’ असे लिहिले तर ती टीप काहीच सांगत नाही, कारण ओळ स्वतःच ते सांगते. शिवाय उद्या कोणी आकडा 0.405 केला आणि टीप तशीच राहिली, तर वाचणाऱ्याला दोन आकड्यांपैकी कोणता हेतुपुरस्सर आहे हे कळणार नाही. ‘बंदोबस्ताच्या खसऱ्यातील क्षेत्र एकरात असल्यामुळे येथे हेक्टर केले; नव्या नोंदी या वाटेने पाठवू नयेत’ अशी टीप मात्र आज्ञेतून न कळणारी गोष्ट सांगते. कर्निघन आणि प्लॉगर यांनी 1974 मध्ये प्रोग्रामच्या लेखनशैलीवर लिहिलेल्या पुस्तकात टिप्पणी आणि आज्ञा यांच्यात मेळ असण्याचा आग्रह धरला होता, तो याच अनुभवावर उभा आहे.

वेगळ्या पुस्तिकेची वाट युनिक्स या कार्यप्रणालीने घेतली. 3 नोव्हेंबर 1971 ही तारीख असलेल्या तिच्या पहिल्या पुस्तिकेत प्रत्येक आज्ञेला स्वतंत्र पान होते आणि त्यात ज्ञात दोषांचाही उल्लेख असे. ही पाने प्रोग्राम वापरणाऱ्यासाठी होती, तो दुरुस्त करणाऱ्यासाठी नव्हती, आणि त्या वाचकाला आज्ञांच्या गर्दीत शिरायला लावणे गैर ठरले असते. अडचण वाजिब-उल-अर्जाचीच होती : प्रोग्राम बदलणारा हात पुस्तिकेपर्यंत पोहोचेलच असे नाही. यावर दोन टोकांचे उपाय निघाले. क्नुथ यांनी 1984 मध्ये मांडलेल्या साक्षर प्रोग्रामिंगमध्ये माणसाला समजेल अशा क्रमाने निबंध लिहायचा आणि आज्ञा त्यात गुंफायच्या. वेब नावाची त्यांची प्रणाली एकाच फाइलमधून यंत्रासाठी प्रोग्राम आणि वाचकासाठी छापील ग्रंथ वेगळे काढी. ही रीत विद्वानांना भावली, पण बहुसंख्य व्यावसायिक प्रोग्रामरांनी तिची एक सौम्य आवृत्ती स्वीकारली. 1990 च्या दशकात जावाबरोबर आलेल्या जावाडॉकने प्रत्येक कार्यघटकाच्या, म्हणजे फंक्शनच्या, अगदी डोक्यावर ठरावीक खुणेने लिहिलेली टिप्पणी उचलून तिची पुस्तिका आपोआप तयार केली. 1997 मधील डॉक्सिजनने आणि पायथॉनमधील, कार्यघटकाच्या पहिल्या ओळीत बसणाऱ्या, वर्णनपर मजकुराने तेच केले. यात पुस्तिका वेगळी दिसली तरी तिचे मूळ आज्ञेच्या शेजारीच असते, म्हणजे गावचा वाजिब-उल-अर्ज त्या त्या खसरा क्रमांकाखालच्या टिपांतून दर वेळी नव्याने जुळवून काढावा, तशी ही व्यवस्था आहे.

फेरफार नोंदवहीचे प्रतिरूप सर्वांत शेवटी रुजले. पूर्वी फाइलच्या माथ्यावर कोणी, केव्हा, काय बदलले याची यादी वाढवत नेण्याची चाल होती. काही वर्षांत ती यादी मूळ प्रोग्रामपेक्षाही लांब होऊ शके. बेल प्रयोगशाळेत 1972 मध्ये रॉचकाइंड यांनी आवृत्त्यांचा हिशेब ठेवणारी प्रणाली केली आणि 2005 मध्ये टॉरवाल्ड्स यांच्या गिटने ही रीत सार्वत्रिक केली. आता प्रत्येक बदलासोबत प्रोग्रामर एक निवेदन लिहितो, सहकारी ते तपासतो, आणि नंतर कोणत्याही ओळीवर बोट ठेवून ती कोणत्या बदलाने आली हे विचारता येते. तलाठ्याने नोंद घालावी, मंडळ अधिकाऱ्याने ती प्रमाणित करावी आणि उताऱ्यावरच्या वर्तुळातून मूळ नोंदीपर्यंत जाता यावे, हीच ती साखळी. भूमी अभिलेखांचे संगणकीकरण 1988-89 मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाले, त्यांत मध्य प्रदेशातील मुरैना आणि महाराष्ट्रातील वर्धा हे जिल्हे होते. पुढे महाराष्ट्रात ई-फेरफार आल्यावर प्रमाणित फेरफाराचा अंमल सातबाऱ्यावर प्रणालीतूनच होऊ लागला, आणि कागदावर शिस्तीने पाळावा लागणारा दुवा यंत्राच्या नियमाने पाळला जाऊ लागला.

या सर्व इतिहासातून निघणारे तत्त्व असे की टीप कोठे लिहावी हे तिच्या विषयावरून ठरत नाही. मूळ नोंद बदलणारा हात तिच्यापर्यंत पोहोचतो का आणि ती वाचणारा कोण आहे, या दोन गोष्टींवरून ठरते. एखादी ओळ विचित्र का आहे, याचे कारण त्याच ओळीशी असावे. एखादा कार्यघटक काय घेतो आणि काय देतो, हे त्याच्या माथ्यावर असावे. बदलाची हकीकत बदलांच्या नोंदवहीत असावी. आणि संपूर्ण रचनेचे वर्णन, जे क्वचितच बदलते, तेवढेच वेगळ्या कागदावर जावे. वाजिब-उल-अर्ज निरुपयोगी ठरला तो वेगळा होता म्हणून नव्हे, तर रोज बदलणाऱ्या गोष्टी त्यात भरल्या होत्या म्हणून.

याला एक पुरवणी जोडणे आवश्यक आहे. दुव्याचा क्रमांक तोपर्यंतच उपयोगी असतो जोपर्यंत तो ज्या वहीकडे बोट दाखवतो ती वही जागेवर असते. ऑक्टोबर 2023 मध्ये पांढुर्णा हा सौंसरसह वेगळा जिल्हा झाला. येथील जुन्या कैफियतींत मात्र छिंदवाड्याच्या कार्यालयातील आदेशांचे संदर्भ राहणारच, आणि ते शोधणाऱ्याला आता दोन जिल्ह्यांची दप्तरे धुंडाळावी लागू शकतात. प्रोग्रामही एका भांडारातून दुसऱ्यात हलवले जातात आणि त्या वेळी बदलांचे जुने क्रमांक अनेकदा मागे राहतात. म्हणून ज्या कारणावाचून ओळ समजूच शकत नाही, ते कारण क्रमांकाच्या भरवशावर सोडू नये. एका वाक्यात ते जागेवरच लिहावे आणि सविस्तर हकीकतीसाठी क्रमांक द्यावा. बंधकाच्या शेऱ्याबरोबर नुसता प्रकरण क्रमांक न देता बँकेचे नाव आणि कर्जाचे कारणही लिहिणारा पटवारी नियमापेक्षा चार शब्द जास्त लिहीत असे, आणि पुढचा खसरा उतरवणाऱ्याला तो शेरा ठेवावा की गाळावा हे त्या चार शब्दांवरूनच ठरवता येई.